गावच्या आरओ प्लांटची धार पुन्हा पुन्हा बारीक का होते? मेंब्रेन बदलण्याआधी तपासायच्या गोष्टी

तक्रार ठरलेली असते. नवे मेंब्रेन (पाण्यातले क्षार अडवणारे पडद्यांचे गुंडाळे) टाकले की दोन-तीन महिने वीस लिटरचा जार सव्वा मिनिटात भरतो. मग दीड मिनिट लागतं, मग दोन, आणि एके दिवशी वॉटर एटीएमसमोर रांग लागते. सर्व्हिसवाला येतो, ‘मेंब्रेन चोक झालेत’ म्हणतो, चार नवे टाकून बिल देतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

मेंब्रेन चोक झालेत हे त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरंच असतं. पण ते कशाने चोक झाले हे न शोधता नवे टाकले तर तेही त्याच वाटेने जाणार. नीट चालवलेल्या प्लांटवर मेंब्रेन तीन वर्षं टिकायला हरकत नसते. वर्षात दोनदा बदलावे लागत असतील तर दोष मेंब्रेनमध्ये नाही, त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी आहे.

खालचे आकडे तासाला १००० लिटरच्या प्लांटचे आहेत. ग्रामपंचायत किंवा बचत गट चालवतात तो नेहमीचा साचा: बोअर, वरची टाकी, कच्च्या पाण्याचा पंप, वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर, अँटिस्केलंटचा (क्षार बसू न देणाऱ्या औषधाचा) डोझिंग पंप, म्हणजे ते मोजून सोडणारा छोटा पंप, ५ मायक्रॉनचं २० इंची जंबो कार्ट्रिज, हाय प्रेशर पंप आणि ४०४० मापाचे (४ इंच जाड, ४० इंच लांब) चार मेंब्रेन एकामागोमाग. तासाला आत २००० लिटर, त्यातलं १००० गोडं आणि १००० रिजेक्ट, म्हणजे उरलेले क्षार घेऊन बाहेर पडणारं पाणी. तुमचा प्लांट ५०० किंवा २००० चा असेल तर त्या प्रमाणात हिशोब करा.

आधी मोजा, मग पान्याला हात लावा

रोटामीटरच्या (धार दाखवणाऱ्या मीटरच्या) नळीवर शेवाळ चढलेलं असतं, गेजचा काटा अडकलेला असतो, त्यामुळे बोर्डावरच्या आकड्यांवर फार विसंबू नका. वीस लिटरचा जार आणि मोबाईलचं घड्याळ पुरे. १००० लिटरच्या धारेला जार ७२ सेकंदांत भरतो. ९० सेकंद लागले तर ८०० लिटर, १२० लागले तर ६००. रिजेक्टही असंच मोजायचं, पण ते गटारात पडतं त्या तोंडाशी. काही प्लांटमध्ये रिजेक्टचा काही भाग पुन्हा हाय प्रेशर पंपाकडे वळवलेला असतो. तिथे बोर्डावरचं रोटामीटर वेगळंच काही दाखवतं, खरं रिजेक्ट तोंडाशीच कळतं.

मग टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) घ्या: कच्च्या पाण्याचा, गोड्या पाण्याचा आणि चारही मेंब्रेनच्या गोड्या पाण्याच्या नळ्यांचा वेगवेगळा. शेवटी चार दाब लिहून घ्या: कार्ट्रिजच्या आधी, कार्ट्रिजनंतर, मेंब्रेनच्या आत जाताना, मेंब्रेनमधून रिजेक्ट निघताना. शेवटच्या दोहोंतला फरक सर्वांत महत्त्वाचा. नवे मेंब्रेन बसवल्या दिवशी हा फरक १.२ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) होता आणि आज १.४ आहे, तर धुण्याची वेळ झाली. पंधरा टक्के वाढ ही खूण धरायची. दुप्पट होईपर्यंत वाट पाहिली तर धुऊनही पूर्वीची धार परत येत नाही.

मेंब्रेन बसवल्या दिवशीचे आकडेच कुठे लिहिलेले नाहीत, ही बहुतेक प्लांटची खरी अडचण. तेव्हा आजपासून वही घाला. रोज एकदा, प्लांट सुरू करून पंधरा मिनिटं झाल्यावर, एका ओळीत सगळे आकडे. वहीशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

आकडे काय सांगतात

धार कमी, टीडीएस थोडा वाढलेला, दाबातला फरक वाढलेला, आणि चौथ्या मेंब्रेनचं पाणी सर्वांत वाईट: क्षार बसलाय. कच्चं पाणी पुढे सरकताना घट्ट होत जातं, म्हणून चुना आधी शेवटच्या मेंब्रेनवर बसतो.

धार कमी, फरक वाढलेला, पण त्रास पहिल्या मेंब्रेनला: गाळ, लोह किंवा जंतूंचा चिकट थर. हाउसिंग (मेंब्रेन ज्यात बसतो ते नळकांडं) उघडून पहिल्याचं तोंड पाहा. तांबूस असेल तर लोह, बोटाला बुळबुळीत लागलं आणि कुबट वास आला तर जंतू, करडा चिखल असेल तर वाळूचा फिल्टर नीट धुतला जात नाही.

धार वाढली आणि टीडीएसही वाढला: क्लोरीनने मेंब्रेन जाळला. याला औषध नाही. लोक मात्र सुरुवातीला खूश असतात, कारण जार लवकर भरतो.

टीडीएस एकदम उसळला, तोही एकाच मेंब्रेनचा: ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) फाटली किंवा जोडणी निसटली. शंभर रुपयांच्या आतलं काम. यासाठी मेंब्रेन बदलू नका.

धार कमी, आणि मेंब्रेनच्या तोंडाशी दाबच कमी: मेंब्रेनला हात लावू नका. कार्ट्रिज भरलंय, व्होल्टेज पडलंय किंवा पंपाचे इंपेलर झिजलेत.

आणि एक फसवी तक्रार डिसेंबर-जानेवारीची. पाणी एक अंश थंड झालं की धार साधारण तीन टक्क्यांनी घटते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात ३० अंश असतं, थंडीत सकाळी २२. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना धार पाचव्या हिश्श्याने कमी. सकाळी सातला मोजलेली धार दुपारी दोनला पुन्हा मोजा. फरक दिसला तर गप्प बसा. दाब वाढवून भरपाई करायला जाऊ नका.

आता क्षाराकडे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यावर सर्वांत जास्त प्लांट यानेच बसतात.

रिजेक्टचा व्हॉल्व्ह: इथेच घात होतो

‘अर्धं पाणी गटारात जातंय’ ही टीका प्रत्येक ग्रामसभेत होते. मग कोणीतरी रिजेक्टचा व्हॉल्व्ह थोडा आवळतो. गोडं पाणी वाढतं, गटारातलं कमी होतं, सगळे खूश. दोन महिन्यांनी मेंब्रेन जातात आणि व्हॉल्व्हचा विषय कोणाच्या लक्षातही राहत नाही.

हिशोब सरळ आहे. आत गेलेल्या पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार रिजेक्टमध्ये उरतात. निम्मं पाणी गोडं काढलं तर रिजेक्ट दुप्पट घट्ट. साठ टक्के काढलं तर अडीचपट, पंचाहत्तर टक्के काढलं तर चौपट. बोअरच्या पाण्याचा जडपणा (चुना बसवणाऱ्या क्षारांचं प्रमाण) लिटरला ६०० मिलिग्रॅम असेल तर चौपट म्हणजे २४००. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच इथे मेंब्रेनच्या जाळीत चढतो, आणि अँटिस्केलंटही त्याच्यापुढे हात टेकतं.

शिवाय प्रश्न नुसता घट्टपणाचा नाही, वेगाचाही आहे. शेवटच्या मेंब्रेनमधून तासाला किमान ६००-७०० लिटर रिजेक्ट वाहतं राहिलं पाहिजे, तरच तो पृष्ठभाग धुतला जातो. रिजेक्ट ४०० वर आणलंत की पाणी रेंगाळतं आणि क्षाराला बसायला निवांत जागा मिळते.

चार मेंब्रेनच्या रांगेला पन्नास टक्के ही वरची मर्यादा धरा. मे महिन्यात जडपणा चढला की ४५ वर या. व्हॉल्व्ह योग्य जागी आला की त्याचं हँडल काढून कपाटात ठेवा, किंवा दांड्यावर ऑइलपेंटने खूण करा. हा सल्ला पोरकट वाटेल, पण चावी हातात असली की कोणी ना कोणी ती फिरवतंच.

आणखी एक. ४०४० च्या एका मेंब्रेनमधून बोअरच्या पाण्यावर तासाला २००-२२० लिटर हे सोसेल असं काम. चारांमधून १००० म्हणजे प्रत्येकी २५०, ते ताणूनच. कागदावर १००० चा असलेला प्लांट ८५० वर दोन तास जास्त चालवला तर मेंब्रेनचं आयुष्य वाढतं. नवीन प्लांट घेत असाल तर त्याच किमतीत जमेल तिथे पाचवा मेंब्रेन मागून घ्या.

रिजेक्टचं काय करायचं हा प्रश्न रास्त आहे. गोठा धुणं, शौचालयं, धुळीवर शिंपडणं इथे ते चालतं. काळ्या जमिनीत पिकाला रोज देऊ नका, क्षार साचतो. आणि बोअरशेजारी शोषखड्डा करून त्यात सोडणं ही तर हमखास चूक. तेच घट्ट पाणी झिरपून त्याच बोअरमध्ये येतं आणि दर वर्षी कच्चा टीडीएस चढत जातो. बोअरचा टीडीएस दोन-तीन वर्षांत सारखा वाढलेला दिसला तर आधी रिजेक्टचा पाइप कुठे संपतो ते जाऊन पाहा.

टीडीएस मीटर जडपणा सांगत नाही

दोन गावांत टीडीएस १५०० च. एका बोअरचा जडपणा २५०, दुसऱ्याचा ८००. पहिला प्लांट सुखात चालेल, दुसरा तीन महिन्यांत बसेल, आणि मीटरवर दोन्ही सारखेच दिसतील. अकोला, बुलढाणा, अमरावती जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाण्यात सोडियमचा, म्हणजे साध्या मिठाचा वाटा मोठा असतो. तिथे कधी कधी टीडीएस भयंकर असूनही चुना कमी बसतो, पण खारटपणामुळे दाबच जास्त लागतो. टीडीएसमध्ये १००० ची वाढ झाली की साधारण ०.७ किलो जादा दाब नुसता खारटपणा ओलांडायलाच जातो.

म्हणून वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर, कच्च्या पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. एकूण जडपणा, कॅल्शियम, अल्कधर्मिता, सल्फेट, लोह, सिलिका, फ्लोराइड, नायट्रेट इतकं मागा. फ्लोराइड आणि नायट्रेट मेंब्रेनसाठी नव्हे, माणसांसाठी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिला सवलत नाही. फ्लोराइडची १, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. ‘चव यावी’ म्हणून कच्चं पाणी गोड्यात मिसळणारा व्हॉल्व्ह अनेक प्लांटवर असतो. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असलेल्या गावात तो व्हॉल्व्ह कायमचा बंद करा. त्या वाटेने जंतूही येतात ते वेगळंच.

डोझिंग पंप चालतो म्हणजे औषध जातंच असं नाही

पंप टकटक करतोय, दिवा लुकलुकतोय, आणि टाकीतली पातळी आठवडाभर जागची हललेली नाही. हे दृश्य नेहमीचं आहे. सक्शनच्या नळीत हवा अडकते, तळाचा फूट व्हॉल्व्ह कचऱ्याने चिकटतो, किंवा पाइपात जिथे औषध शिरतं तिथला छोटा व्हॉल्व्ह क्षाराने जाम होतो.

प्रमाण असं काढा. कच्च्या पाण्याच्या लिटरमागे ४ मिलिग्रॅम अँटिस्केलंट धरलं (पाण्यानुसार २ ते ५), तर तासाच्या २००० लिटरला ८ ग्रॅम. टाकीत २० लिटर गोड्या पाण्यात ४०० ग्रॅम मिसळलं तर लिटरला २० ग्रॅम झालं, म्हणजे पंपाने तासाला ४०० मिलिलिटर ओढलं पाहिजे. रोज आठ तास प्लांट चालला तर ही टाकी सहा दिवसांत संपते. शनिवारी भरली आणि पुढच्या शनिवारी निम्मी उरली, तर मेंब्रेनवर चुना बसायला सुरुवात झालीय असं समजा. महिनाभराचं द्रावण एकदम करून ठेवू नका, पातळ द्रावणात बुरशी धरते. आणि बोअरच्या पाण्यात मुळीच नको, गोडंच घ्या.

खात्रीची तपासणी: प्लांट पूर्ण दाबावर चालू असताना सक्शनची नळी टाकीतून काढून १०० मिलिलिटरच्या मापाच्या सिलिंडरमध्ये सोडा, आत द्रावण भरा, दहा मिनिटं पाहा. ६५ ते ७० मिलिलिटर कमी व्हायला हवं. नळी बादलीत धरून मोजली तर आकडा जास्त येतो, कारण समोर दाबच नसतो. म्हणून चालू प्लांटवरच मोजा.

हवा अडकली असेल तर पंपाच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू थोडा सैल करून द्रावण बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत चालू द्या. इंजेक्शनचा व्हॉल्व्ह सोडवून लिंबू-सत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा. आणि वायरिंग पाहा: डोझिंग पंपाची वीज हाय प्रेशर पंपाच्या स्टार्टरवरूनच हवी. वेगळ्या प्लगवर असेल तर कोणीतरी मोबाईल चार्ज करायला तो काढतो, आणि दुपारभर प्लांट औषधाविना चालतो.

ग्रामपंचायतीच्या पाण्यात तुरटी टाकली जात असेल तर तिचं ॲल्युमिनियम आणि अँटिस्केलंट मिळून चिकट लगदा होतो. अशा ठिकाणी अँटिस्केलंटचा डोस वाढवणं म्हणजे रोग वाढवणं. प्लांटला पाणी तुरटीआधीच्या वाटेने घेता येतं का ते बघा.

‘अँटिस्केलंटची कटकट नको, सॉफ्टनर बसवा’ असंही सुचवलं जातं. सॉफ्टनर म्हणजे रेझिनच्या दाण्यांनी जडपणा पकडणारी टाकी, ती मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजी करावी लागते. गावच्या प्लांटला ते परवडत नाही. ६०० जडपणाचं दिवसाला १६,००० लिटर पाणी म्हणजे साडेनऊ किलोहून जास्त चुना रोज. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम पकडतं, म्हणजे रोज १९० लिटर रेझिन पुन्हा ताजं करायला हवं. त्याला वीस-पंचवीस किलो मीठ रोज, आणि ते खारं पाणी पुन्हा गटारात. त्याच कामाला अँटिस्केलंट दिवसाला ६४ ग्रॅम लागतं.

लाइट जाते तेव्हा

प्लांट चालू असताना लाइट गेली की मेंब्रेनमध्ये दुप्पट घट्ट पाणी तसंच उभं राहतं. अँटिस्केलंट क्षाराला काही काळच थोपवून धरतं. चार-सहा तास लाइट नाही आली की चुना बसतो. दिवसातून तीनदा असं होत असेल तर बाकी सगळं बिनचूक असूनही मेंब्रेन टिकणार नाहीत. ऑटो फ्लश (आपोआप मेंब्रेन धुण्याची सोय) असलेले प्लांट इथे उपयोगाचे नाहीत, कारण फ्लशलाही लाइटच लागते.

उपाय स्वस्त आहे. गोड्या पाण्याची टाकी तीन-चार मीटर उंचीवर असेल तर तिच्यातून अर्ध्या इंचाची लाइन काढून ती हाय प्रेशर पंप आणि पहिला मेंब्रेन यांच्यामध्ये जोडा. मध्ये एक बॉल व्हॉल्व्ह आणि एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. प्लांट चालू असताना त्या सांध्यावर १०-१४ किलो दाब असतो, त्यामुळे तो तुकडा आणि एनआरव्ही त्या दाबाचेच घ्या. साधा प्लंबिंगचा पीव्हीसी फुटेल. लाइट गेली की रिजेक्टचा फ्लश व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, ही लाइन उघडायची आणि साधारण १०० लिटर गोडं पाणी मेंब्रेनमधून वाहू द्यायचं. चारही हाउसिंगमध्ये मिळून जेमतेम तीसेक लिटर पाणी मावतं, त्यामुळे शंभर पुरतं. रिजेक्टच्या तोंडाशी टीडीएस मीटर धरा, आकडा खाली आला की बंद.

उंच टाकीचाच दुसरा धोका फार कमी जण पाहतात. प्लांट बंद झाला की आतला दाब शून्य, पण गोड्या पाण्याच्या पाइपात चार मीटर उंचीचा ०.४ किलो दाब उलटा मेंब्रेनवर येतो. मेंब्रेनचे थर डिंकाने चिकटवलेले असतात, ०.३ किलोच्या वर उलटा दाब आला की ते उकलतात. मग टीडीएस चढतो आणि कारण कोणालाच सापडत नाही. गोड्या पाण्याच्या लाइनवर, मेंब्रेनच्या अगदी जवळ, एनआरव्ही हवाच. आणि प्लांट चालू असताना त्या लाइनवरचा व्हॉल्व्ह कधीही बंद करायचा नाही.

रोज रात्री प्लांट बंद करतानाही हेच: फ्लश व्हॉल्व्ह उघडून दहा मिनिटं कमी दाबावर धुवा, मग स्विच बंद.

टीसीएल पावडर आणि कार्बनचा फिल्टर

पंचायतीच्या टाकीवरून पाणी घेणाऱ्या प्लांटला हा धोका मोठा. जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, ते त्याने टाकायलाच हवं. साथीच्या दिवसांत डोस दुप्पट होतो. कार्बनचा फिल्टर ते क्लोरीन पकडतो, पण कार्बन कायमचा नसतो.

पाण्यातलं क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टचं किट जलसुरक्षकाकडे असतंच. तपासणी कार्बन फिल्टरनंतरच्या नळाची करा, आधीच्या नव्हे. पिवळी छटा आली तर प्लांट त्याच क्षणी बंद करा. मेंब्रेनला क्लोरीन ०.१ मिलिग्रॅमच्याही खाली हवं. १३ बाय ५४ इंची टाकीत साधारण ३० किलो कार्बन बसतो. वर्षातून एकदा बदला, आयोडीन नंबर (कार्बनची शोषण्याची ताकद) ९०० च्या वरचा घ्या. नवीन कार्बन भरल्यावर अर्धा तास उलटं धुऊन काळं पाणी पूर्ण जाऊ द्या, नाहीतर ती भुकटी थेट कार्ट्रिजमध्ये जाते.

वाळूच्या फिल्टरबद्दल एवढंच की बॅकवॉशला (पाणी उलटं सोडून वाळू धुण्याला) नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो, या मापाला तासाला ३००० लिटर. बॅकवॉशच्या पाइपाखाली जार धरा, २४ सेकंदांत भरला पाहिजे. चाळीस लागत असतील तर वाळू उचललीच जात नाही, नुसतं पाणी फिरतंय. रोज दहा मिनिटं, पावसाळ्यात दोनदा. कार्ट्रिज आधी-नंतरच्या दाबात ०.७ किलो फरक पडला की बदला. धुऊन, ब्रशने घासून परत घालू नका. आतला दोरा सैल होतो आणि गाळ सरळ पुढे जातो.

मेंब्रेन धुण्याची रीत

शेवटच्या मेंब्रेनच्या तोंडाशी पांढरा थर असेल तर थोडा खरवडून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट, ते सायट्रिक ॲसिडने निघेल. फसफसलं नाही तर सल्फेट किंवा सिलिका, त्यापुढे घरगुती धुणं हरतं. चारही मेंब्रेन पाणी निथळवून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा. शेवटचा पहिल्यापेक्षा चांगलाच जड भरला तर तो आतून भरलाय.

सामान: १०० लिटरची प्लास्टिक टाकी, तासाला २००० लिटर देणारा पंप (दाब ३-४ किलोच्या वर नको), सायट्रिक ॲसिड २ किलो, पीएच पट्ट्या, चष्मा, रबरी हातमोजे.

टाकीत १०० लिटर गोडं पाणी घ्या आणि त्यात ॲसिड हळूहळू विरघळवा. पीएच २ ते २.५ यायला हवा. प्लांट आधी गोड्या पाण्याने धुवा. मग द्रावण मेंब्रेनमधून फिरवा. सुरुवातीला जे पंधरा-वीस लिटर घाण बाहेर येतं ते टाकीत परत न घेता गटारात सोडा. त्यानंतर रिजेक्ट आणि गोडं, दोन्ही नळ्या टाकीत. गोड्या पाण्याची नळी उघडीच ठेवायची. अर्धा-पाऊण तास फिरवा, दर दहा मिनिटांनी पीएच पाहा. तो अर्ध्या अंकाने वर चढला तर ॲसिड क्षार खात आहे, आणखी थोडं घाला. चढायचा थांबला की पंप बंद करून एक तास भिजत ठेवा, पुन्हा अर्धा तास फिरवा, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा. द्रावणाचं तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. वापरलेलं द्रावण चुन्याची निवळी घालून मग सोडा.

जंतूंचा चिकट थर असेल तर क्रम उलटा. आधी कॉस्टिक सोडा, १०० लिटरला १०० ग्रॅम, पीएच १२ च्या वर नको, तापमान ३० च्या आसपास. तेही पूर्ण धुऊन काढल्यावरच ॲसिड. बुळबुळीत थरावर थेट ॲसिड टाकलं तर तो आणखी घट्ट बसतो. आणि ॲसिडच्या आसपास टीसीएलची पिशवीसुद्धा ठेवू नका, दोन्ही मिसळलं तर विषारी वायू निघतो.

पुन्हा चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी कोणालाही पिऊ देऊ नका. पीएच आणि टीडीएस नेहमीवर आल्याशिवाय टाकीत सोडायचं नाही.

मेंब्रेन नवे घालताना

मेंब्रेनवरचा बाण कच्चं पाणी ज्या दिशेने वाहतं त्या दिशेने. बाहेरच्या बाजूला असलेल्या काळ्या रबरी कड्याची उघडी ओठाची बाजू कच्च्या पाण्याकडे. हे कडं उलटं बसलं तर निम्मं पाणी मेंब्रेनच्या बाहेरून निघून जातं आणि टीडीएस नीट असूनही प्लांट लवकर चोक होतो. ओ-रिंगला ग्लिसरीन लावा. व्हॅसलीन, ग्रीस, गोडेतेल काहीही नको, रबर फुगतं. प्रत्येक मेंब्रेनचा नंबर आणि त्याची जागा वहीत लिहा.

पहिल्यांदा चालू करताना रिजेक्टचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून कमी दाबावर हवा जाऊ द्या, मग दाब हळूहळू चढवा. एकदम १२ किलो मारला तर मेंब्रेनचं तोंड दुमडतं. पहिल्या तासाचं पाणी वाया सोडा. त्यानंतर जारने धार मोजून, चारही नळ्यांचे टीडीएस आणि चार दाब वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.

दोन दिवसांहून जास्त प्लांट बंद राहणार असेल, जत्रा असो की मोटार रिवाइंडिंगला गेलेली असो, तर रोज अर्धा तास चालवण्याची काहीतरी सोय करा. तेही जमणार नसेल तर गोड्या पाण्यात एक टक्का सोडियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे १०० लिटरला एक किलो, मेंब्रेनमध्ये भरून सगळे व्हॉल्व्ह बंद करा. हवा आत राहू देऊ नका. पुन्हा चालू करताना हे पाणी जाईपर्यंत, किमान तासभर, सगळं गटारात. एटीएमचा नॉब त्या वेळात कुलूपबंद ठेवा, कारण पाणी आलं असं समजून कोणीतरी जार लावतंच.